पत्र्याच्या रोबोच्या पोटात काय असतं?

दुरुस्तीचा हक्क हा विषय गेली काही वर्षं बातम्यांत आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे यावरून तिला गुण द्यावेत, ही चर्चाही त्यानंतर पुढे सरकली. पण वस्तू ‘दुरुस्त होण्याजोगी’ असते म्हणजे नेमकं काय, हे मोबाइल हातात धरून कळत नाही. तो सहजी उघडत नाही, आणि उघडला तरी आतल्या काळ्या चिपांकडे पाहून कोण काय काम करतंय याचा पत्ता लागत नाही.

हे समजून घ्यायला मला सगळ्यात योग्य वाटणारी वस्तू म्हणजे १९५० आणि ६०च्या दशकांतला जपानी बनावटीचा पत्र्याचा रोबो. पुण्यात पेठांमधले वाडे उतरवले जाताहेत, माळे रिकामे होताहेत, आणि एखाद्या ट्रंकेतून असा रोबो अधूनमधून निघतो. कुणाचे काका बोटीवर होते, कुणाच्या आत्याने परदेशातून येताना भाच्यासाठी आणला होता. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात क्वचित एखादा दिसतो, बहुतेक वेळा एक हात नसलेला. घरचे आधी विचारतात, “चालतो का?” आणि मग, “किती येतील याचे?” माझा आग्रह असा, की त्याआधी एक प्रश्न विचारावा: हा चालायचा कसा? त्याचं उत्तर मिळालं की दुरुस्तीचं निम्मं काम झालेलं असतं.

## मेंदू नाही, मग हालचाल कोण ठरवतं?

आज ज्यांचे व्हिडिओ आपण पाहतो, त्या माणसासारख्या रोबोंच्या जवळजवळ प्रत्येक सांध्यात वेगळी मोटर असते, सेन्सर असतात आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा संगणक असतो. पत्र्याच्या रोबोत बहुधा एकच मोटर असते. तरीही होरिकावा कंपनीचा ‘अटॅकिंग मार्शियन’ चालता चालता थांबतो, छातीची दारं उघडतो, आतल्या बंदुका लुकलुकतात, दारं मिटतात आणि स्वारी पुन्हा चालू लागते. हा क्रम ठरवतो कोण?

गणेशोत्सवात मंडळांचे हलते देखावे आपण पाहत आलो आहोत. पडद्यामागे डोकावलं तर एक मोटर संथपणे फिरत असते, तिच्या दांड्यावर वेड्यावाकड्या आकाराच्या चकत्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक चकतीच्या कडेवर एक दांडी टेकलेली असते. चकतीचा फुगीर भाग आला की दांडी उचलली जाते आणि मावळ्याची तलवार वर जाते. खोलगट भाग आला की खाली येते. या चकतीला कॅम म्हणतात. रोबोच्या पोटात हेच असतं, फक्त नखाएवढ्या आकारात. कोणती हालचाल कधी आणि किती वेळ, हे सगळं कॅमच्या कडेवर कोरलेलं असतं. एका कॅममुळे छातीची दारं ढकलली जातात, दुसऱ्यामुळे तांब्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि दिवा लागतो.

मोटर फिरत असताना पाय थांबवायची युक्ती मला फार आवडते. त्यासाठी काही रोबोंत असं दातेरी चाक वापरतात, ज्याच्या घेराच्या एका भागावर दातच ठेवलेले नसतात. तो बोडका भाग समोर आला की पायांकडे जाणारी गती तुटते, मोटर तशीच फिरत राहते आणि तेवढ्या वेळात दुसरं चाक दारांचं काम उरकून घेतं. दात पुन्हा आले की पाय पुन्हा हलू लागतात.

भिंतीला धडकून आपोआप वळणाऱ्या रोबोंतही ‘पाहणारं’ काही नसतं. ज्या चाकाला मोटर गती देते ते चाक तळाशी स्वतःभोवती फिरू शकणाऱ्या एका चकतीवर बसवलेलं असतं. रोबो अडला की ती चकतीच फिरते आणि चाकाचं तोंड वेगळ्या दिशेला होतं. मोकळी दिशा सापडली की रोबो तिकडे निघतो.

## सेलपासून पावलापर्यंत

छोटी मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. समजा ६,००० घेते, आणि रोबोच्या प्रत्येक पायाने मिनिटाला ६० पावलं टाकायला हवीत. म्हणजे वेग १०० पटींनी उतरवायचा. दहा दातांचं चाक पन्नास दातांच्या चाकाला फिरवतं तेव्हा वेग पाचपट उतरतो. अशी पाचाची एक जोडी, पाचाची दुसरी आणि चाराची तिसरी, की शंभर झाले. वेग जितका उतरतो तितका जोर वाढतो, घर्षणात जातो तेवढा सोडून. म्हणून बोटाच्या पेराएवढी मोटर पत्र्याचा एवढा ऐवज ओढू शकते.

शेवटच्या चाकावर मध्यबिंदूपासून बाजूला एक खुंटी असते, तिच्यात पाय अडकवलेला असतो. दोन पायांच्या खुंट्या एकमेकींच्या नेमक्या विरुद्ध बाजूंना, म्हणून एक पाय पुढे तर दुसरा मागे. नीट पाहिलं तर कळेल, की अशा रोबोचं पाऊल जमिनीवरून उचललंच जात नाही. तळव्यात बारीक चाकं असतात आणि ती फक्त पुढच्या दिशेने फिरतात. पुढे जाणारा पाय त्यांच्यावर घरंगळतो. मागे रेटणाऱ्या पायाची चाकं अडतात, तो जमिनीला धरून राहतो आणि धड पुढे सरकतं. रोबो पाय हलवतो पण जागच्या जागीच राहतो, अशी तक्रार असेल तर मोटरला हात लावू नका. तळवे उलटे करा. तिथे केस आणि धूळ गुंडाळून ती चाकं दोन्हीकडे फिरेनाशी झालेली असतात, किंवा दोन्हीकडे फिरू लागलेली असतात.

चावीच्या रोबोत मोटरच्या जागी पोलादी पट्टीची गुंडाळी असते, घड्याळजी जिला कमान म्हणतात ती. चावी देताना येणारी कटकट एका खटक्याची. तो कमानीला उलट सुटू देत नाही. कमान मोकळी सोडली तर सगळी ताकद काही सेकंदांत संपेल, म्हणून शेवटच्या चाकाशी एक डुलणारा तुकडा ठेवलेला असतो. तो प्रत्येक दाताला क्षणभर अडवतो. चालताना ऐकू येणारी करकर त्याचीच.

जपानात युद्धानंतरच्या टंचाईत अमेरिकन सैन्याने टाकलेल्या डब्यांच्या पत्र्यापासूनही खेळणी झाली होती. १९५४ मध्ये सुरू झालेल्या माबुचीसारख्या कंपन्यांच्या छोट्या, स्वस्त मोटरींनी पुढे सेलवरच्या खेळण्यांचं युग आणलं. तुमच्या रोबोवर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असेल तर तो १९४७ ते १९५२ या काळातला, हे लक्षात ठेवा.

१९५०च्या दशकाच्या मध्यात मासुदाया कंपनीने ‘रॅडिकॉन’ नावाची रेडिओवर चालणारी खेळणी काढली. ट्रान्झिस्टर अजून महाग होते. त्यांनी संदेश पकडायला जुनी युक्ती वापरली: धातूचा कीस. रेडिओ लहर आली की कण एकमेकांना धरतात आणि वीज वाहू लागते. पुन्हा सुटे करायला टिचकी मारावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगदीशचंद्र बोस कोलकात्यात ज्या प्रकारच्या उपकरणावर संशोधन करत होते, त्याच कुळातला हा भाग. मुलांच्या खेळण्यात तो पोचला याचा मला फार आनंद वाटतो.

## नव्या सेलचा मोह आधी आवरा

माळ्यावरून काढलेल्या रोबोत सेल टाकून बटण दाबणं, ही सगळ्यात नुकसान करणारी पहिली कृती. कारण समजायला मोटरकडे पाहू.

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी तारेचं वेटोळं, चुंबक आणि एक सेल एवढ्यावर फिरणारी मोटर असंख्य मुलांना करायला शिकवली. रोबोतली मोटर त्याचंच नेटकं रूप: चुंबकांच्या मधोमध तारेची वेटोळी, आणि फिरताना त्यांना वीज पोचवणाऱ्या दोन घासत्या पट्ट्या. या पट्ट्यांना ब्रश म्हणतात.

आता महत्त्वाचा भाग. फिरणारी मोटर त्याच वेळी थोडी जनित्रासारखीही वागते आणि सेलच्या विरुद्ध विद्युतदाब निर्माण करते. त्यामुळे वाहणारी वीज आटोक्यात राहते. मोटर अडकली की हा विरोध शून्य होतो. समजा वेटोळ्याचा रोध १ ओहम आहे आणि फिरताना ०.३ अँपिअर वाहतात, तर उष्णता ०.०९ वॉट. त्याच मोटरला ३ व्होल्ट देऊन ती अडकून राहिली, तर ३ अँपिअरपर्यंत वाहू शकतात आणि उष्णता होते ९ वॉट, म्हणजे शंभरपट. केसाएवढ्या तारेवरचं वीजरोधक आवरण ते किती वेळ सोसणार? जुने साधे सेल एवढी वीज देताना स्वतःच दमायचे, त्यामुळे मोटर वाचायची. आजचे रिचार्जेबल सेल दमत नाहीत. आणि साठ वर्षांत ग्रीस घट्ट झालेला रोबो अडकलेलाच असतो.

म्हणून आधी चाकं हाताने हळूच फिरतात का पाहा. मग करंटवर मर्यादा घालता येणाऱ्या पॉवर सप्लायवर, दीड व्होल्टपासून सुरुवात करा. तो नसेल तर तपकीर गल्लीत किंवा बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. या छंदात तीच एक खरेदी मी आवश्यक मानतो, दुसरा मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं छोटं उपकरण.

## सेलने सोडलेलं पाणी

बंद पडलेल्या रोबोंचा मोठा वाटा इथेच असतो. साध्या कार्बनच्या सेलचं जस्ताचं कवच आतून खाल्लं जातं आणि आम्लधर्मी द्रव बाहेर येतो. तो खाण्याच्या सोड्याच्या पातळ लेपाने मारायचा. अल्कलाइन सेलचं गळणं अल्कधर्मी असतं, हवेत सुकून पांढरे स्फटिक होतात; त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. काम कापसाच्या काडीने, हातमोजे आणि चष्मा लावून, आणि फक्त टर्मिनलवर, म्हणजे सेल जिथे टेकतो त्या पट्ट्यांवर. रंगीत पत्र्यावर यातलं काहीही जाऊ देऊ नका. मग पाण्याने ओलसर काडी आणि पूर्ण सुकवणं.

टर्मिनल चकचकीत झाले तरी मोटर गप्प असेल, तर बटणाच्या पट्ट्या आणि तारांची टोकं मल्टिमीटरने तपासा. ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर घासू नका. त्याची भुकटी फटींत अडकते आणि तांब्यावर कायमचे ओरखडे राहतात. एवढ्यावर बरेच रोबो बोलू लागतात.

## उघडायचा म्हणजे जिभा वाकवायच्या

स्क्रूंऐवजी इथे पत्र्याच्या जिभा असतात. एका भागाची जीभ दुसऱ्या भागाच्या फटीतून बाहेर काढून आडवी केलेली. वाकवलेल्या जागी पत्रा कडक होत जातो, आणि कडक झालेला पत्रा पुढच्या वेळी वाकण्याऐवजी तडकतो. कारखान्यात जीभ एकदा वाकली आहे. तुम्ही उघडताना दुसऱ्यांदा, मिटताना तिसऱ्यांदा वाकवणार. आधी कुणी उघडून बसवलं असेल, तर हिशेब आणखी पुढे गेलेला.

म्हणून जीभ पूर्ण सरळ करायची नाही, फटीतून निसटण्यापुरतीच उचलायची. पातळ पातं खाली सरकवून, सावकाश. भोवतीच्या छपाईवर आधी मास्किंग टेप लावा, कारण ही छपाई सपाट पत्र्यावर करून मग तो पत्रा साच्यात दाबलेला असतो. गेलेला रंग तसा पुन्हा आणता येत नाही. जीभ तुटलीच तर तिथे सोल्डर करायचा विचारही सोडा. उष्णतेने पलीकडची छपाई करपते. आतून पत्र्याची बारीक पट्टी इपॉक्सीने चिकटवणं बरं.

उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. दोन पायांच्या खुंट्या विरुद्ध बाजूंना आहेत हे वर सांगितलं. बसवताना त्या एकाच बाजूला आल्या तर रोबो दोन्ही पाय एकदम पुढे टाकतो आणि तोंडावर पडतो.

## फुटलेलं दातेरी चाक पुण्यात कुठून आणायचं?

चालताना ठरावीक वेळाने ‘टक’ असा आवाज येत असेल, तर बहुधा पोलादी दांड्यावर घट्ट ठोकलेलं छोटं प्लॅस्टिकचं चाक तडकलेलं असतं. वर्षानुवर्षं ताणात राहून ते उभं चिरतं, दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि तेवढी जागा आली की समोरचा दात अडखळतो. फेव्हिक्विक इथे टिकत नाही, शिवाय ओघळून दांडा जाम करतं.

नवं चाक हवं तर दोन गोष्टी मोजा: दात किती आणि दाताचं माप किती. या मापाला मॉड्यूल म्हणतात. बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि दातांच्या संख्येत दोन मिळवून त्याने भागायचं. दहा दात, व्यास ६ मिलिमीटर, तर ६ भागिले १२, म्हणजे ०.५. मात्र तडकलेलं चाक मोजू नका, चिरेमुळे त्याचा व्यास वाढलेला असतो. त्याला लागून असलेलं धड चाक मोजा. एकमेकांत बसणाऱ्या चाकांचं मॉड्यूल एकच असतं. ०.५ मापाची चाकं छंदाच्या दुकानांत मिळतात. माप विचित्र निघालं तर आपण पुण्यात आहोत हे आपलं भाग्य: भोसरीकडच्या वर्कशॉपमध्ये वायरकटवर, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर, पितळेचं एक चाक कापून घेता येतं. एका नगासाठी कुणी मशीन लावत नाही, त्यामुळे चार-पाच एकदम करून घ्या. उरलेली दुसऱ्या कुणाच्या रोबोला लागतील. थ्रीडी प्रिंटिंगही चालतं, पण एवढ्या बारीक दातांसाठी रेझिनचं; साध्या प्लॅस्टिकच्या धाग्याचे दात नीट उमटत नाहीत.

तुटलेली कमानही बहुतेकदा बाहेरच्या टोकाच्या आकड्याशी तुटते. टोकाचा थोडाच भाग लाल करून सावकाश थंड केला की तो मऊ पडतो आणि नवा आकडा वळवता येतो. पण ताणलेली कमान उघड्या हातांनी बाहेर काढणं धोक्याचं आहे. हे काम घड्याळजीच्या हातचं.

तेलाबद्दल एकच: खोबरेल नको. साधारण २४ अंशांखाली ते गोठतं, आणि पुण्याच्या थंडीत रोबोही त्याच्याबरोबर गोठतो. शिवणयंत्राचं तेल, सुईच्या टोकावर मावेल तेवढं, दांड्यांच्या टोकांना. ब्रशना अजिबात नाही.

## “त्यापेक्षा नवी मोटर आणि चिप बसवली तर?”

बसवता येते, चालेलही छान. पण मग पाहायला काय उरलं? ज्या कॅमने आणि बोडक्या चाकाने तो क्रम सांभाळला होता, त्यांचं काम काढून घेतलं की हा रोबो नुसता डबा झाला. जळालेल्या मोटरीच्या जागी त्याच मापाची दुसरी बसवणं वेगळं. ते मी मान्य करतो, जुनी मोटर जपून ठेवली तर.

## “रंग उडालाय. रंगवून घेऊ का?”

नका. मासुदायाच्या ‘मशीन मॅन’सारख्या दुर्मीळ रोबोंना लिलावांत हजारो डॉलर मिळतात ते मूळ छपाईसकट. तुमचा रोबो तितका दुर्मीळ नसला तरी हिशेब तोच: ओरखडे आलेली मूळ छपाई नव्या रंगापेक्षा मोलाची. किंचित ओलसर मऊ कापड पुरतं. थिनर, ब्रासो, काच पुसायचा स्प्रे यांना जवळ येऊ देऊ नका. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला पत्रा आतल्या आत गंजतो. कागदात गुंडाळा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि सेल काढून ठेवा.

## “नातवंडांना खेळायला देऊ?”

लहानांना नाही. त्या काळच्या रंगांत आणि सोल्डरमध्ये शिसं असू शकतं, पत्र्याच्या कडा कापतात आणि सुटे भाग गिळण्याएवढे असतात. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं ते अशाच धोक्यांसाठी. मोठ्या मुलांना मात्र जरूर दाखवा, हाताळल्यावर हात धुवायला लावा, आणि शक्य तर पोट उघडं असतानाच दाखवा. कॅमवर बोट ठेवून “आता दार उघडेल” असं मुलीने आधीच सांगितलं, तर तिला यंत्र वाचता आलं.

शिकायला थेट आजोबांच्या रोबोवर हात टाकू नका. जुन्या बाजारातून बंद पडलेलं कुठलंही चावीचं किंवा सेलचं खेळणं घ्या, तेच तीनदा उघडून बसवा. त्याच्या जिभा तुटतील, तुटू द्या. किती वाकवलं की तुटतं हे बोटांना तिथेच कळतं. मग रोबो घ्या, काढलेला प्रत्येक जुना भाग तारीख लिहून पुडीत घाला आणि ती पुडी त्याच्याच खोक्यात ठेवा. पुढे कुणी तो उघडेल तेव्हा त्याला आधी काय होतं आणि तुम्ही काय बदललंत, हे दोन्ही कळेल.